जांभळी स्प्रिंग

ले ब्रल्यो, १२ सप्टेंबर १९६१

नूमाकाका,

तुमच्या डोळ्यांपुढे अजून दोन वेण्यांची रेन उभी राहत असेल, पण आता माझ्या ओदेतला दिवस गेले आहेत आणि नाताळच्या सुमाराला मी आजी होणार. हे सांगायला मात्र पत्र लिहीत नाही.

सोबतच्या डबीत बाबांचं खिशातलं घड्याळ आहे. ते मी पाठवलंय हे बाबांना माहीत नाही. साखळीची कडी झिजली म्हणून सोनाराकडे टाकलंय, अशी थाप मी मारली आहे. तेव्हा तुमचं उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको.

ईस्टरला तुम्ही हे घड्याळ साफ करून पाठवलंत. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या टेबलावर एक खेळ चालतो. कॉफी झाली की बाबा घड्याळ काढतात आणि चावी द्यायला लागतात. दोन-चार वेढे होतात आणि मग चावी अडते. ते जोर लावतात, बोटं झटकतात, परत लावतात, कानापर्यंत लाल होतात. काटे लावायला चावी बाहेर ओढली तर ती जागेवर राहत नाही, आत सरकते.  जूनमध्ये एकदा घड्याळ खाली ठेवून म्हणाले, "रेन, माझी बोटं गेली."

मी म्हटलं, उघडून तरी बघा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना कुणाचा खिसा कापायला सांगत होते. तुम्ही दोघे ज्यांच्याकडे घड्याळाचं काम शिकलात त्या मास्तरांचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे, वैद्याने स्वतःची नाडी बघू नये. अल्सीदचं, म्हणजे बाबांचं, घड्याळ नूमाने उघडायचं, नूमाचं अल्सीदने. त्यातून हे घड्याळ तुमच्याच हातून आलेलं. त्यात काही बिघाड असेल हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण आता ते लोकांची घड्याळं परत पाठवायला लागलेत. पाद्रीबाबांचं भिंतीवरचं घड्याळ हात न लावता परत गेलं. चीजवाल्याच्या बायकोला सांगितलं, दुसरा कोणी बघ. दिवसभर खिडकीशी त्या कामाच्या टेबलापुढे बसतात आणि बोटं बघतात. पेन्शनीत गेल्यापासून त्यांना त्या टेबलाशिवाय दुसरं काही नाही, हे तुम्ही जाणताच.

मी कारखान्यात दिवसभर डायलींवर काटे बसवते, माझी बोटं काही लेचीपेची नाहीत. काल ते अंगणात असताना मी चावी देऊन पाहिली. मलाही जड गेली. म्हणून विचारते, दोष घड्याळात आहे की बाबांच्या बोटांत? जे असेल ते सरळ लिहा. बोटांत असेल तर तसंही चालेल, वय कुणाला चुकलंय. पण त्यांनी टेबल सोडायचं तर खऱ्या कारणासाठी सोडावं.

तुमची रेन

फ्लूरिए, २० सप्टेंबर

रेन पोरी,

तू आजी होणार म्हणजे मी नक्की कोण होणार, याचा हिशेब करता करता एक सकाळ गेली. ओदेतला माझे आशीर्वाद सांग. मुलगी झाली तर नाव तरी चांगलं ठेवा, तुम्हा कॅथलिकांकडे संतांची यादी बघून ठेवतात आणि पोर जन्मभर भोगतं.

घड्याळ मिळालं. उघडलं. आत काही दोष नव्हता. तेल घट्ट झालं होतं, बस. तुम्ही राहता ढगांत, उन्हाळ्यातही रात्री शेकोटी लागते तुम्हाला, त्या थंडीत तेल आळतं आणि चावी जड लागते. पुसून नवं तेल दिलं. आता बिनतक्रार चालेल. अल्सीदला माझ्याकडे पाठवल्याचं सांगितलंस तरी हरकत नाही, मी रागावणार नाही, तोही रागावणार नाही.

बोटांचं म्हणशील तर वयाप्रमाणे थोडं व्हायचंच. माझा गुडघा मला रोज सकाळी हवामान सांगतो. न्यूशातेलचं दुकान अजून मला जुनी घड्याळं पाठवतं, नव्या पोरांना ती कळत नाहीत. त्यामुळे दिवस भरलेला असतो. मांजरीला पिल्लं झाली. या वर्षी आलुबुखार भरपूर आले, मुरंबा करायला कोणी नाही म्हणून पक्ष्यांची चंगळ आहे.

अल्सीदला म्हणावं, तब्येतीला जप.

नूमाकाका

ले ब्रल्यो, २ ऑक्टोबर

नूमाकाका,

घड्याळ पोचलं. चावी आता लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते. काटे लावायला ओढली की टक्क करून जागेवर बसते. हात तुमचेच.

बाबांना मी सगळं खरं सांगून टाकलं आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, थापेबद्दल ओरडतील. ओरडले नाहीत. "आत काही दोष नव्हता" ही ओळ त्यांनी परत वाचायला लावली. मग घड्याळ घेऊन चावी दिली, अगदी सावकाश, शेवटच्या वेढ्यापर्यंत. पूर्ण चावी भरली तरी त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

म्हणाले, "चावी हलकी केली आहे त्याने. माझ्यासाठी. दात पडलेल्या माणसाला पाव दुधात कुस्करून देतात, तशी."

मी म्हटलं, अहो, तेल आळलं होतं असं स्वच्छ लिहिलंय त्यांनी. तर म्हणाले, "तेल काय असतं ते मला सांगू नकोस. तेलाने चावी अशी अडत नाही. घड्याळात दोष नव्हता म्हणतो, म्हणजे नव्हता. नूमा खोटं बोलत नाही. उरलं काय मग? त्याने माझी लाज राखली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टेबलाचे खण आवरायला घेतले. बिएनला जुनी हत्यारं विकत घेणारा एक व्यापारी आहे, त्याला निरोप धाडला. नोव्हेंबरात सेंट मार्टिनचा सण असतो, त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी तो गाडी घेऊन येणार, टेबल, लेथ, सगळं एकगठ्ठा नेणार.

तुम्हाला खरं सांगते, मला वाईट वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं. ओदेत आणि जावई बाळंतपणासाठी इकडेच येणार आहेत आणि नंतरही इथेच राहतील असं दिसतंय. घरात ऊन येणारी खोली एकच, तीत ते टेबल. पाळणा कुठे ठेवायचा हा प्रश्न मला उन्हाळ्यापासून पडला होता. पण मी बाबांना एका शब्दानेही सुचवलं नव्हतं, हे देवाशपथ. त्यांचं त्यांनीच ठरवलं.

सरळ उत्तर दिलंत, उपकार झाले.

रेन

फ्लूरिए, ६ ऑक्टोबर

रेन,

टेबल विकायची एवढी काय घाई आहे? व्यापारी काही मरत नाही आणि जुनी हत्यारं घेणारे पुढच्या वर्षीही असतील. अल्सीदला म्हणावं, हिवाळा तरी जाऊ दे.

आणि त्याला हे नक्की सांग, की चावी मी हलकी केलेली नाही. असली मेहेरबानी मी त्याच्यावर कधी केलेली नाही आणि करणारही नाही. चावी जशी असायला हवी तशी आहे. ती त्याच्या बोटांनी फिरत असेल तर त्याची बोटं जशी असायला हवीत तशीच आहेत. इतकं त्याला कळायला हवं.

तेल आळलं होतं म्हणालो, ते जरा जास्तच आळलं होतं म्हण. घड्याळात कधी कधी असं काही होतं की ज्याला धड दोष म्हणता येत नाही, पण अगदी निर्दोषही म्हणता येत नाही. तो जाणता आहे, समजेल.

पाळणा स्वयंपाकघरातही छान राहतो. शेगडीची ऊब मिळते.

नूमा

ले ब्रल्यो, १५ ऑक्टोबर

नूमाकाका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. धड दोष नाही आणि धड निर्दोष नाही, हे काय असतं? मुलं खेळतात तसं तळ्यात-मळ्यात नका करू. दोष होता की नव्हता? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.

हे पत्र मी बाबांना दाखवलेलं नाही. बिचारे मन घट्ट करून बसलेत, त्यांना परत कशाला हलवायचं. ओदेतचं सामान पुढच्या आठवड्यात येतंय. पाळणा स्वयंपाकघरात ठेवायचा सल्ला ज्याने कधी स्वयंपाकघरात बाळ वाढवलं नाही त्याचाच असू शकतो.

रेन

फ्लूरिए, २० ऑक्टोबर

रेन,

हो. दोष होता.

हे पत्र अल्सीदला वाचून दाखव. सगळं, एक ओळही न गाळता. त्याला थेट लिहायला बसलो होतो, पण त्याचं नाव लिहून पुढे हात चालेना. म्हणून परत तुझ्याच आडून बोलतो आहे.

चावी बाहेर ओढली की ती तिथेच धरून ठेवणारी एक बारीक पोलादी स्प्रिंग असते, डायलच्या खाली. अल्सीदच्या घड्याळातली ईस्टरला तुटलेली निघाली. ते घड्याळ इतकं जुनं आहे की तिचा सुटा भाग मिळत नाही, हातानेच करावी लागते. मी केली. पोलाद लाल करून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं, मग त्याचं पाणी उतरवावं लागतं, म्हणजे कडकपणा थोडा कमी करावा लागतो. दिव्यावर धरून बसायचं, रंग बदलत जातात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की उचलायची. जांभळ्यावर उचलली तर स्प्रिंग ठिसूळ राहते. हे आम्ही दोघे मिसरूड फुटायच्या आधी शिकलो. शिकाऊ पोराने जांभळ्यावर उचलली तर मास्तर ती त्याच्या डबड्यात टाकून द्यायचे आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर ते डबडं वाजवायचे.

मी जांभळ्यावर उचलली. जाडही ठेवली. ठिसूळ होती म्हणून टोक तुटलं आणि तो कण, खसखशीपेक्षा बारीक, चावीच्या दातेरी चाकांत जाऊन बसला. कुणाच्याही बोटांनी ती चावी पूर्ण फिरली नसती, लोहाराच्याही नाही. अल्सीदच्या बोटांना काही झालेलं नाही. त्याने जे सोसलं ते माझ्या कामामुळे.

सप्टेंबरात घड्याळ उघडल्यावर हे सगळं दिसलं, पण का झालं ते तेव्हाही कळेना. नवी स्प्रिंग करायला बसलो. दूध द्यायला शेजारीण आली होती. स्प्रिंग दिव्यावर होती आणि मी सहज म्हणालो, बघा, काय सुंदर निळी झाली. ती म्हणाली, "निळी कुठली? चांगली जांभळी आहे की." मी तिला बसवून घेतलं. ती रंग सांगत गेली, मी धरून बसलो. तिने निळी म्हटलं तेव्हा उचलली. ती स्प्रिंग आता अल्सीदच्या घड्याळात आहे आणि चांगली आहे.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. वर्षभर दिवे धुरकट वाटत होते, मी काजळीला दोष देत होतो. न्यूशातेलच्या दुकानाला सांगितलेलं नाही. ते घड्याळं पाठवतच आहेत. सांगितलं तर पाठवणं बंद होईल आणि मग मी आणि मांजर.

म्हणून तुला लिहिलं, दोष नव्हता. लिहिताना वाटलं, एका ओळीने कुणाचं काय जातंय, घड्याळ तर नीट झालं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पुढे मांजरीची पिल्लं आणि मुरंबा लिहीत बसलो. त्या ओळीवर अल्सीद आपलं टेबल विकायला काढील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण तुझं पत्र आलं तेव्हा तर कळलं होतं ना? तरी मी तुला गोल गोल लिहिलं. त्याला माफी नाही.

तुम्हा कॅथलिकांचं बरं आहे, जाळीच्या खिडकीपाशी गुडघे टेकून सांगता आणि मोकळे होता. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे ती सोय नाही. आम्हाला ज्याचं बिघडवलं त्याच्याच तोंडावर सांगावं लागतं. व्यापारी यायला अजून वेळ आहे. टेबल थांबव. अल्सीद मला काय वाटेल ते बोलू दे, पण त्याचं टेबल जाऊ देऊ नकोस.

नूमा

ले ब्रल्यो, १४ नोव्हेंबर

नूमाकाका,

टेबल गेलं.

तुमचं पत्र वेळेत आलं होतं. व्यापारी यायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. मी ते कारखान्याच्या प्रसाधनगृहात उभ्याने वाचलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. घरी आले तर जावई दारात पाळण्याच्या बाजू उतरवत होता आणि बाबा स्वतः त्याला दाखवत होते, इथे ठेव, टेबल निघालं की खिडकीखाली बसेल. ओदेतच्या पायांना सूज आली होती, ती माझ्या पलंगावर झोपली होती. मी म्हटलं, जेवणं होऊ देत, मग वाचून दाखवते. मग म्हटलं, उद्या. रोज म्हटलं, उद्या. एप्रन धुवायला टाकायचा तेव्हा पत्र काढायचे आणि परत ठेवायचे. मी स्वतःला सांगत होते, म्हाताऱ्याच्या मनाला उगाच त्रास. पण खरं कारण मला ठाऊक होतं. मला ती खोली हवी होती.

शनिवारी व्यापारी आला. बाबांनी खण एकेक करून स्वतः खाली नेले, कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक खणात काय आहे ते त्याला सांगत होते, आणि तो हो हो म्हणत घड्याळाकडे बघत होता. टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं. तेव्हा मी मनात म्हटलं, अडकू दे, अडकलंच तर मी पत्र काढीन. ते अडकलं नाही, त्यांनी तिरपं करून काढलं. मग खोलीत नुसती जमीन राहिली, बाबांच्या पायांनी झिजलेली.

रविवारी मी कबुलीला गेले. तुम्ही म्हणता आम्ही मोकळे होतो, पण पाद्रीबाबांनी मला मोकळं केलं नाही. म्हणाले, घरी जाऊन आधी पत्र वाचून दाखव, मग ये.

त्याच दुपारी सेंट मार्टिनचं जेवण व्हायचं होतं, डुकराचं मांस, सफरचंदं, सगळं मांडलेलं. मी जेवणाआधीच वाचलं, नाहीतर परत उद्या झाला असता. तुमचं आधीचं तळ्यात-मळ्यातही वाचलं. मग माझंही सांगितलं, एप्रनचं. जावई ताटात बघत राहिला. ओदेत रडायला लागली, तिचा काही दोष नसताना.

बाबांनी ताट बाजूला सारलं. पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं. मग घड्याळ काढलं, भाजीच्या सुरीने त्याची पाठ उघडली आणि चावी देत आतली चाकं फिरताना बघत बसले. उभ्या जन्मात मी त्यांना त्यांचं स्वतःचं घड्याळ उघडताना बघितलं नव्हतं. झाकण लावून म्हणाले, "जेवण गार होतंय."

तेव्हापासून माझ्याशी बोलतात, पाव दे, मीठ दे, बाहेर बर्फ आहे जपून जा. तेवढंच. रागावले असते तर मी सोसलं असतं. बिएनच्या व्यापाऱ्याला मी काल कारखान्यातून फोन केला, तो म्हणाला, हत्यारं विकली गेली.

तुम्ही एक ओळ खोटी लिहिलीत. मी तर खरं पत्र खिशात घालून फिरले. तुमच्यावर रागवायचा हक्क मला उरलेला नाही, आणि तेच मला सगळ्यांत जास्त टोचतं.

रेन

ले ब्रल्यो, १७ नोव्हेंबर

नूमा,

पत्र रेनने वाचलं, मग मी वाचलं. तुझं अक्षर मोठं झालं आहे. वर्षभर मोठं होत चाललंय हे मला दिसत होतं. मी म्हणायचो, म्हातारपणी याला कागदाची उधळपट्टी सुचली. तेव्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तेवढी चूक माझ्याकडे.

स्प्रिंगचा मला राग नाही. डोळे गेले की रंग जातो. तुमच्या खोऱ्यात चोरून गाळतात त्या दारूला सगळे जण 'निळी' म्हणतात, ती निळी मात्र तुला अंधारातही सापडते म्हणून ऐकतो.

राग आहे तो "दोष नव्हता" याचा. उन्हाळाभर मी त्या चावीशी झटलो. त्यात एकदा, एकदाच, मनात आलं की बिघाड घड्याळात तर नसेल, नूमाच्या हातून काही राहिलं तर नसेल. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या रविवारी मी कबुलीला गेलो. पाद्रीबाबांना सांगितलं, मी माझ्या मित्राच्या कामावर खोटी शंका घेतली. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिल्या. त्या मी चर्चमध्येच गुडघ्यांवर बसून म्हटल्या. तुझ्या जांभळ्या स्प्रिंगपायी, नूमा. आणि तू मला मांजरीची पिल्लं लिहितोस.

घड्याळ मी उघडलं. चाकं नीट फिरताहेत. तुझी नवी स्प्रिंग कशी आहे ते बघायला डायल काढावी लागेल, आणि तिला लागणारे स्क्रूड्रायव्हर बिएनला गेले. तेव्हा शेजारणीच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तुझ्या शब्दावर ठेवता येत नाही हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

रेनशी मी बोलेन. आत्ता नाही. मला विचारलं असतं तर टेबल मीच भिंतीकडे सरकवलं असतं, पाळणा आणि टेबल दोन्ही मावले असते. तिने विचारलं नाही आणि मी पोरीची अडचण ओळखली नाही. ते आमचं आम्ही बघू.

आता कामाचं बोलतो. तुझ्या पत्रात एक गोष्ट तू येता जाता उरकली आहेस, न्यूशातेलचं दुकान घड्याळं पाठवतच आहे. मी ती ओळ परत परत वाचली. वर्षभर तू निळा समजून जांभळ्यावर स्प्रिंगा उचलतो आहेस. किती उचलल्यास? त्या कुठे कुठे गेल्या? ती घड्याळं जुनी, म्हणजे माणसंही जुनीच. कुणी निवृत्त गार्ड असेल, कुणी शाळामास्तराची विधवा. रोज सकाळी चावी द्यायला बसतात आणि चावी अडते. त्यांना काय ठाऊक डायलखाली काय आहे? मी जन्मभर हेच काम केलं, तरी मी माझ्या बोटांना दोष दिला आणि सगळं विकून मोकळा झालो. ते कशाला दोष देत असतील? आपलं झालं, आपण संपलो, असं म्हणत आणखी किती जण खिडकीशी बोटं बघत बसले असतील?

दुकानाला पत्र लिही. तुझ्या हाताने, त्या मोठ्या अक्षरात. तेल आळलं, थंडी पडली, असलं काही नको. डोळे गेले होते, स्प्रिंगा चुकल्या, दोष होता, घड्याळं परत मागवा. दुकान काम बंद करील. करू दे. सगळी परत येणार नाहीत, जेवढी येतील तेवढी मी दुरुस्त करीन. बोटं शाबूत आहेत असं तूच लिहिलंयस. टेबल तुझं वापरीन, माझं नाही. मोतीबिंदूचा डॉक्टर नंतर बघू, तो काही पळून जात नाही.

सोमवारी दुपारच्या गाडीने येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, मला ओळखायचा नाहीस आणि भलत्याच्याच गळ्यात पडशील. मी घर शोधेन. पण पत्र त्याआधी टपालात पडलेलं हवं. मी आल्यावर दोघं मिळून लिहू, मजकूर जरा नीट करू, असलं काही चालणार नाही.

पत्र टाकलं असशील तरच दार उघड.

अल्सीद